पेलेटच्या भट्ट्या आणि चातुर्मास: गोदामातली वही

११ मे २०२५, रविवार. धायरी

थोरलीचं, म्हणजे आमच्या तीन पेलेट भट्ट्यांपैकी एकीचं, जळणाचं भांडं आज ग्राइंडरने कापून बाहेर काढलं. मूळ पत्रा तीन मिलिमीटरचा. जाडी मोजायला व्हर्नियर लावला तर वरच्या काठाला २.८, मध्यावर २.३ आणि तळाशी, जिथे राख साठून राहते तिथे, १.४. एका जागी व्हर्नियर लावायची गरजच नव्हती, करंगळी आरपार जाईल एवढं भोक. स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर लोखंडाचे पापुद्रे सुटे झाले, चहात बुडवायच्या खारीसारखे.

अण्णा शेजारी उभे होते. म्हणाले, "तीन वर्षांत पत्रा जळणारच गं." मी म्हटलं, जळालेला नाहीये अण्णा, गंजलाय. जळालेला पत्रा जाळीच्या वरच्या अंगाला पातळ होतो, जिथे ज्योत लागते तिथे. हा खालून गेलाय. म्हणजे भट्टी पेटलेली असताना नाही, बंद असताना गेलाय.

वही इथून सुरू करते, कारण हे सगळं मला पुढच्या वर्षी आठवणार नाही.

आमचा धंदा केटरिंगचा. अण्णा आचारी, मी दिवसा नऱ्ह्यात एका टूलरूममध्ये (कारखान्यांचे साचे आणि मोजमापाची साधनं बनतात तिथे) आणि रविवारी अण्णांच्या गोदामात. सिलिंडरच्या दरांना कंटाळून तीन वर्षांपूर्वी पेलेटवर चालणाऱ्या तीन भट्ट्या घेतल्या: थोरली, मधली, धाकटी. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा, सोयाबीनचं कुटार, शेंगांची टरफलं दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या. भट्टीच्या बाजूला हॉपर, त्यात या कांड्या ओतायच्या. खाली एक स्क्रू, सोऱ्याच्या दांड्यासारखा, तो फिरत फिरत कांड्या भांड्यात ढकलतो. ब्लोअर खालून हवा देतो. भांड्यात बिडाची जाळी, जाळीखाली राखेचा ट्रे, मागे धुराडं. भांड्याभोवती कास्टेबलचं जाड अस्तर, भाजलेल्या मातीसारखं. थंडीच्या देशांत असल्या भट्ट्या घर ऊबदार ठेवायला वापरतात आणि उन्हाळ्यात झाकून ठेवतात. आमच्याकडे उलटं. उन्हाळ्यात लग्नं, त्यामुळे भट्ट्यांना दम नाही. आषाढी एकादशीला देव झोपले की कार्तिकीपर्यंत मुहूर्त नाहीत, आणि भट्ट्या झाकायची वेळ नेमकी वर्षातल्या सगळ्यात ओल्या चार महिन्यांची.

गेल्या वर्षी काय केलं होतं ते लिहून ठेवते, लाज वाटली तरी. शेवटच्या कार्यानंतर तिन्ही भट्ट्या पाइप लावून पाण्याने धुतल्या. अण्णांनी वरून शेंगदाणा तेलाचा हात फिरवला. निळी ताडपत्री टाकली, दोरी बांधली. थोरलीच्या हॉपरमध्ये अर्धं पोतं पेलेट होतं, ते "आता कुठे काढत बसायचं" म्हणून तसंच ठेवलं. कार्तिकात उघडलं तेव्हा त्या पेलेटचा लगदा होऊन सुकलेला होता, स्क्रू त्यात चिणलेला. कुणीतरी बटण दाबलं आणि गिअरची मोटर गेली. नवी मोटर, स्क्रू आणि मजुरी मिळून साडेअकरा हजार.


१८ मे, रविवार

आज एक साधा प्रयोग. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात एक पेलेट. दोन मिनिटांत कांडी फुगली, पाचव्या मिनिटाला तिला भेगा पडल्या, चहा होईपर्यंत ग्लासात नुसता भुसा. पेलेटला धरून ठेवायला डिंक वगैरे काही नसतं. दाबाच्या उष्णतेने लाकडातलंच लिग्निन मऊ होतं आणि थंड झाल्यावर कांडी घट्ट होते. पाणी लागलं की ती पकड सुटते. पावसाळ्यात हवेतली ओलसुद्धा पुरते, फक्त दोन मिनिटांऐवजी दोन महिने लागतात. फुगलेली कांडी स्क्रूच्या नळीत असेल तर ती लोखंडाला ओली पट्टी बांधल्यासारखी चिकटून बसते.

दुसरी गोष्ट राख. आमच्या पंचवीस किलोच्या पोत्यातून मोजून दोन किलो राख निघते, कारण माल शेतातल्या काडीकचऱ्याचा आहे. निव्वळ लाकडाच्या चांगल्या पेलेटची राख शंभर किलोला एक किलोही भरत नाही. शिवाय कुटाराच्या राखेत पोटॅश जास्त आणि क्लोराइडही जास्त.

यावरून अण्णांशी वाद. त्यांचं म्हणणं, "तुझी आजी जन्मभर राखेनेच भांडी घासायची. कुठे गंजली?" मुद्दा बिनतोड वाटतो. पण आजीची भांडी पितळेची न् तांब्याची, आणि ती राख लगेच धुऊन भांडी उन्हात पालथी घालायची. आपण राख लोखंडावर चार महिने ठेवतो. पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं ना? साधं मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढायला लागतं. राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट त्रेचाळीस-चव्वेचाळीस टक्क्यांनाच ओढतं. म्हणजे आपल्याला हवा कोरडी वाटते तेव्हाही ही राख ओली असू शकते, आणि त्या ओलीत क्लोराइड विरघळलेलं असतं. खरं खाणारं तेच. पोटॅशसारखी निव्वळ अल्कली लोखंडाला फारशी खात नाही, क्लोराइड मात्र एकाच जागी खड्डा करत खोल जातं. थोरलीचं भोक तसंच आहे, भोवतालचा पत्रा बरा आणि मधेच विहीर.

अण्णा म्हणाले, "म्हणजे राख काढायची. मग तसं सरळ सांग ना."


२६ मे, सोमवार

आमचा बेत जूनच्या दुसऱ्या आठवड्याचा होता. कार्यं उरकतील, दोन-चार दिवस ऊन मिळेल, भट्ट्या उन्हात वाळवू, मग झाकू. आज मोसमी पाऊस पुण्यात पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. मे महिन्यात! मुंबईतही आजच आला. तसा गेले दहा-बारा दिवस वळीव म्हणत म्हणत तो रोज पडतोच आहे.

गोदामात टांगलेल्या आर्द्रतेच्या काट्यावर संध्याकाळी ८६. एप्रिलच्या शेवटी दुपारी हाच काटा २२ वर होता. लोखंड गंजायला थेंब दिसावे लागत नाहीत, साठ टक्क्यांच्या पुढे पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसायला लागतो आणि त्याला तेवढं पुरतं.

उन्हाचा बेत रद्द. वाळवायचं ते भट्टीच्या स्वतःच्याच उष्णतेने.


८ जून, रविवार

हंगामातलं शेवटचं लग्न. पुढे गुरूचा अस्त, मग आषाढी. जेवण छान झालं, मसालेभाताचं पातेलं खरवडून संपलं.

आज भट्ट्या नेहमीसारख्या बंद केल्या नाहीत. शेवटच्या पंगतीच्या वेळी हॉपरमध्ये नवं पोतं ओतू दिलं नाही. पोरांनी कुरकुर केली, कढी गार होईल म्हणून. पण हॉपर आपोआप रिकामा झाला, स्क्रूच्या नळीतल्या कांड्याही जळून गेल्या, आणि मग मधली न् थोरली (नव्या भांड्यासह) अर्धा तास फक्त ब्लोअरवर ठेवल्या. कास्टेबलचं अस्तर इतकं तापलेलं असतं की आतली सगळी ओल निघून जाते. गेल्या वर्षी पाण्याचा पाइप लावला होता तो आठवला की अंगावर काटा येतो. ते अस्तर पाणी पितं आणि आठवडेच्या आठवडे सोडत बसतं, म्हणजे भांड्याच्या पाठीला ओलं पोतेरं बांधून ठेवल्यासारखंच.

राख गरम आहे. उद्या रात्रीपर्यंत हात लावायचा नाही. राखेच्या पोटात निखारा चोवीस तास सहज जिवंत राहतो, त्यामुळे ती लोखंडी घमेल्यातच काढायची, प्लॅस्टिकच्या बादलीत कधीच नाही.


१० जून, मंगळवार

अर्धी रजा टाकली. आजचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात घाणेरडं.

तोंडाला कारखान्यातला मास्क, रुमालाने भागत नाही, ही राख मैद्याहून बारीक असते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा मोह टाळला. त्याच्या पिशवीतून ही राख आरपार जाते आणि मोटरमध्ये बसते, शिवाय एखादी ठिणगी राहिली असेल तर पिशवीच पेटायची.

मधलीची जाळी उचलली. जाळीच्या भोकांत खंगर बसलेले, हिरवट काळे, काचेसारखे चकचकीत. राखेतला पोटॅश आणि वाळू वितळून हे होतं. छिन्नीने हळू ठोकून काढले, बीड ठिसूळ असतं, जोरात मारलं की जाळीच तडकते. भांड्याच्या आतून तार ब्रश. मग एक जागा जी कुणाच्याच लक्षात येत नाही: भांड्याच्या बाहेर, हवेच्या पेटीत. ब्लोअरची हवा भांड्याला बाहेरून वेढा घालून भोकांतून आत जाते, आणि प्रत्येक वेळी भट्टी बंद केली की थोडी राख त्याच भोकांतून उलटी बाहेर पडते. वर्षभरात तिथे दोन बोटं थर. थोरलीचं भोक बाहेरून आत पडलेलं होतं हे आज कळलं. तीन वर्षं आम्ही आतून घासत होतो आणि ती बाहेरून सडत होती.

त्या पेटीला झाकण नाहीये. ब्लोअर काढून त्याच्या तोंडातून हात घालावा लागतो. माझा हात जातो, पोरांचे जात नाहीत. रंगाचा दोन इंची ब्रश तारेला बांधून कोपरे काढले, शेवटी चिंधी फिरवली, कोरडीच. हाताला राख लागणं बंद होईपर्यंत पुसलं, साडेतीन तास लागले.

धुराड्यात काजळी. पावसाचं पाणी धुराड्यातून आलं की काजळीतलं आम्ल घेऊन खाली उतरतं, म्हणून धुराडं सुटं करून आतून खराटा फिरवला आणि आडवं करून फळीवर ठेवलं.

अण्णा चहा घेऊन आले तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "गोसावीण दिसतेयस."


१४ जून, शनिवार

मधलीच्या पायांना आणि बाहेरच्या चौकटीला जुना गंज आहे. बाजारात गंज पालटणारं रसायन मिळतं, अनेकांत फॉस्फोरिक आम्ल असतं. पण मला हिरड्याचा प्रयोग करायचा होता. लोखंडी कढईत आवळा न् हिरडा घालून केस काळे करायचं पाणी उकळतात, त्याच्या काळेपणामागे हिरड्यातलं टॅनिन आहे. ते लोखंडाशी जुळून निळसर काळं संयुग होतं. पूर्वी शाई याच मेळातून करायचे.

काष्ठौषधीच्या दुकानातून पाव किलो बाळहिरडा नाही, मोठा हिरडा आणला. बाळहिरडा वेगळा, तो अण्णांच्या पोटासाठी. दुकानदार म्हणाले जुन्नरकडचा आहे. ठेचून, रात्रभर भिजवून, गाळून ते तपकिरी पाणी ब्रशने लावलं. सुटा गंज आधी तार ब्रशने काढलेला होता, चिकटून राहिलेला तेवढाच ठेवला. लावताक्षणी काही नाही. पंधरा मिनिटांत लाल गंजावर जांभळट डाग, तासाभरात पूर्ण काळा. दुसरा हात दिला. सुकल्यावर बोट फिरवलं तर लाल भुकटी येत नाही.

हे फक्त बाहेरच्या चौकटीसाठी. जळणाच्या भांड्यात लावण्यात अर्थ नाही, पहिल्याच पेटवणीत हा थर जळून जाईल. चौकटीवरही तो उघडा ठेवायचा नाही, वरून रंग हवा. उद्या मधलीला काळ्या रंगाचा हात.


१५ जून, रविवार

आज तेलाचा दिवस, आणि पुन्हा अण्णांशी जुंपली.

खाण्याचं तेल कढईला ठीक. कढई रोज तापते, तेल तिच्यावर भाजून पक्का थर होतो. पण न तापणाऱ्या पत्र्यावर शेंगदाणा तेल चार महिन्यांत चिकट होतं, धूळ धरतं, झुरळं बोलावतं, आणि त्या चिकाखाली ओल अडकते. अण्णांनी स्वतःच मग गोदामातल्या जुन्या झाऱ्यावर बोट फिरवून पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

मी टूलरूममधून आरपी ऑइल, म्हणजे गंजरोधक तेल, विकत आणलंय, डाय आणि गेज ठेवताना आम्ही जे लावतो तेच. पाण्यासारखं पातळ असतं, थोड्या वेळाने त्यातलं उडून जाणारं द्रव उडतं आणि मेणासारखा पातळ पापुद्रा उरतो. भांडं, जाळी, राखेचा ट्रे, दाराच्या बिजागऱ्या, सगळीकडे फडक्याने. आधी पूर्ण गार आणि पूर्ण राखमुक्त. राखेवर तेल लावलं तर त्याचा लेप होतो आणि लेपाखाली मीठ तसंच राहतं.

हॉपर आणि स्क्रूच्या नळीत तेल नाही. तिथे पुढच्या हंगामात पेलेट जाणार, तेलकट नळीला भुसा चिकटणार. तिथे ग्रॅफाइटची कोरडी पूड, मऊ फडक्याने चोळून.

आता झाकण्याबद्दल. दोन भट्ट्या, दोन पद्धती, म्हणजे तुलना होईल. मधलीला: भांड्याच्या आत व्हीसीआय कागद. पुण्यातल्या वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत हा पिवळसर कागद सगळ्यांनी पाहिलेला असेल, निर्यातीचा माल त्यात गुंडाळतात. त्यातून गंजरोधक रसायनाची वाफ हळूहळू सुटते आणि लोखंडावर बसते. पण ती वाफ कोंडलेली असेल तरच उपयोग, उघड्यावर ती उडून जाते. म्हणून भट्टी हीच डबी करायची. धुराड्याच्या तोंडाला पत्र्याचं झाकण, हवेच्या तोंडाला रबरी बूच, हॉपरचं झाकण टेपने बंद, दाराच्या कडेची, फट बंद करणारी दोरी नवी बसवली. वरून जुनी सुती चादर, तीही फक्त धुळीसाठी.

थोरलीला: आतून तेल, बाहेरून जाड पारदर्शक प्लॅस्टिकची पूर्ण गुंडाळी, आत सिलिका जेलच्या आठ पिशव्या. नारिंगी रंगाचं जेल आणलं, ओल प्यायली की हिरवं होतं. निळं मुद्दाम टाळलं, त्यातला कोबाल्ट स्वयंपाकघराच्या आसपास नको.

कपाटात टांगतात ते पाणी शोषणारे डबेही एकाने सुचवले. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, ते हवेतलं पाणी पिऊन स्वतःच पाणी होतं. तो डबा भट्टीच्या आत कलंडला तर आपण लोखंडाला खारट पाण्याने अंघोळ घातली. नको.

ब्लोअर आणि मोटर घरी आणल्या. गोदामापेक्षा घर कोरडं. गॅलरीतल्या कपाटात ठेवल्या.

धाकटी उद्या.


२० जून, शुक्रवार

धाकटी उद्यावर ढकलत गेली आणि आज पालख्या पुण्यात आल्या. अण्णांनी ती टेम्पोत घातली. मी म्हटलं, "अण्णा, अजून तिची साफसफाई व्हायचीय, आणि गॅसवर करा ना." तर म्हणाले, "माउलींच्या वारकऱ्यांसाठी भट्टी काढायची नाही तर कुणासाठी काढायची?" याला उत्तर नसतं.

नाना पेठेत एका ओळखीच्यांच्या दारात, पिठलं-भाकरी. उद्या एकादशी, त्यामुळे साबुदाण्याची खिचडी. रात्रभर रिपरिप. धाकटी अर्धी मांडवात, अर्धी बाहेर. गरम पत्र्यावर थेंब चर्रकन वाजत होते. मीही भाकऱ्या थापल्या, किती ते मोजलं नाही.


२४ जून, मंगळवार

धाकटी परत आली. कामावरून आठला सुटले, नऊला गोदामात. राख ओली. घासली, पण हवेच्या पेटीत हात घातला तेव्हा दहा वाजून गेले होते आणि ब्रश तिथल्या ओल्या राखेत नुसता लडबडत होता. कोरडी करायला तिला पुन्हा तासभर पेटवायला हवी होती. नाही पेटवली. आतून तेल मारलं, चादर टाकली, घरी गेले.

लिहून ठेवते म्हणजे नोव्हेंबरमध्ये आश्चर्य वाटायला नको.


१३ जुलै, रविवार

पहिली तपासणी. काटा ८९.

थोरलीचं प्लॅस्टिक दारातूनच पांढुरकं दिसलं. जवळ जाऊन पाहिलं तर आतल्या बाजूला दव. खालच्या वीतभर भागात थेंब एवढे दाट की बोट लावलं की ओघळ. सिलिका जेल सगळंच्या सगळं हिरवं. पायांवर आणि ट्रेच्या कडेला ताजा गंज, बारीक, शेंदराच्या रंगाचा, श्वास सोडला तर उडेल असा.

मी बाहेरची हवा बंद केली होती. पाणी खालून आलं. गोदामाला शहाबादी फरशी आहे, आणि पावसाळ्यात तिला ओल सुटते हे पुण्यातल्या कुठल्याही जुन्या वाड्यात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी भट्टी त्या फरशीवर ठेवून वरून काचेच्या घरासारखं झाकण घातलं. दिवसा पत्र्याचं छप्पर तापतं, फरशीतली ओल वाफ होऊन आत चढते, रात्री प्लॅस्टिक गार पडतं, थेंब खाली. रोज. आठ पिशव्या काय, पोतंभर जेल असतं तरी हिरवं झालं असतं.

प्लॅस्टिक फाडलं. भट्टी चार विटांवर आणि त्यावर सागाच्या पट्ट्यांवर चढवली. ताजा गंज तेलाच्या फडक्याने पुसला गेला, खड्डे नाहीत. आता मधलीसारखंच: आत व्हीसीआय, तोंडं बंद, वर चादर. जेल घरी नेऊन जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर तापवलं, पुन्हा नारिंगी झालं. पातेलं वेगळं ठेवलंय, त्यात आता काही शिजवायचं नाही.

मधली मी विटांवर ठेवली होती. का? जागा नव्हती, तिच्याखाली पाट्या रचलेल्या होत्या म्हणून. अक्कल म्हणून नव्हे.

अण्णांचा सल्ला: "महिन्यातून एकदा दहा मिनिटं पेटव, ओल मरेल." कुणालाही पटेल असा, पण उलटा. एक किलो पेलेट जळलं की सुमारे अर्धा लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, जळणातल्या हायड्रोजनचं. दहा मिनिटांत अस्तर तापत नाही, ती वाफ गार पत्र्यावर बसते, वर नवी राख. पेटवायची तर तासभर, सगळी भट्टी हाताला चटका देईपर्यंत, आणि मग पुन्हा पहिल्यापासून साफसफाई. नाहीतर हात लावू नका.


१० ऑगस्ट, रविवार

दोघी ठीक. धाकटी उघडली नाही.


२१ सप्टेंबर, रविवार

घरच्या गॅलरीतलं कपाट आवरताना ब्लोअर हातात घेतला. मधलीचा. पंखा फिरेना. जॅम झाला, बेअरिंग गेलं, असं म्हणून टॉर्च मारली तर हवेच्या तोंडात मातीचा गोळा, बोटांनी लिंपल्यासारख्या तिरक्या रेघांचा. कुंभारीण माशी. कपाटाच्या फटीतून आत येऊन तिने ब्लोअरच्या नरड्यात घर बांधलं. सुऱ्याने उचकटलं तर आत सहा खण, चार फुटके रिकामे, दोनांत कोळी भरलेले. बारीक, हिरवट, पाय पोटाशी घेतलेले. काही अजून मऊ होते, मेलेले नव्हतेच. पिल्लाला ताजं खाणं मिळावं म्हणून ती त्यांना नुसतं बधिर करून ठेवते. आई बघायला आली आणि म्हणाली, "बाई गं, हिचं केटरिंग आपल्यापेक्षा पुढचं."

गोदामातल्या प्रत्येक भोकाला मी बूच मारलं आणि जी वस्तू घरी जपून आणली तिलाच नाही मारलं. माती ब्रशने काढली, पाणी लावलं नाही, लावलं असतं तर चिखल बेअरिंगमध्ये गेला असता. पंखा फिरतोय. तोंडाला जुना पायमोजा.


२ नोव्हेंबर, रविवार. कार्तिकी

उघडल्या.

मधली: दार उघडलं तेव्हा कागदाचा तो औषधी वास. भांडं जसं ठेवलं तसं, तेलाची मेणचट साय. तळाशी व्हर्नियर: जूनमध्ये २.७, आज २.७. हवेच्या पेटीत हात घातला, कोरडी. हिरडा लावून रंगवलेल्या पायांपैकी एका पायाला, विटेला टेकलेल्या जागी, नखाएवढा रंग उचकटलाय.

थोरली: नवं भांडं ३.०, आजही ३.०. पायांवर जुलैतले डाग आहेत पण वाढलेले नाहीत.

धाकटी: जाळी उचलताना कर्रर्र आवाज झाला. भांडं आतून बरं दिसतं. हवेच्या पेटीतून बोट फिरवलं तर ओल्या राखेचा खरपुडा, त्याच्याखाली पापुद्रे. २.५ होतं ते एका जागी २.०. एका पावसात अर्धा मिलिमीटर. अण्णांना व्हर्नियर दाखवला. त्यांनी चष्मा वर करून आकडा वाचला, म्हणाले, "खिचडीची किंमत." मग जरा थांबून, "पुढच्या वर्षी मी रात्री कंदील धरीन, तू हात घाल."

पेटवणी बाहेर अंगणात. व्हीसीआय कागद काढला की नाही ते दोनदा पाहिलं. पहिली वीस मिनिटं पांढरा धूर आणि तेलाचा वास, म्हणून भट्टी चाळीस मिनिटं रिकामीच जाळली, तोवर तिच्यावर काही शिजवायचं नाही. मग वास गेला, ज्योत पिवळी होऊन स्थिर झाली. जूनमधलं उरलेलं एक पोतं फोडलं: फळीवर ठेवलेलं होतं, कांड्या कडक, मोडताना टक्क आवाज. दुसरं भिंतीला टेकलेलं होतं, त्याचा भुसा झालाय. तो शेणात मिसळून शेजारच्या काकूंच्या गोवऱ्यांना.

१६ तारखेला पहिलं लग्न, साडेचारशे पानं. थोरली न् मधली जातील. धाकटीच्या भांड्यासाठी वेल्डिंगवाल्या काकांना फोन केला, ते म्हणाले, "हवेच्या पेटीला झाकण करून देऊ का, बोल्ट लावून?" तीन वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. तिघींनाही करून घेतेय.